पदवीचा विषय आणि वर्गातील विषय
(उच्च प्राथमिक वर्गांच्या शिक्षकांसाठी भरलेल्या उजळणी वर्गात केलेले भाषण)



आपणांपैकी पुष्कळांनी पदवीसाठी एक विषय घेतला आणि वर्गावर मात्र दुसराच विषय आपल्या वाट्याला आला. इतिहास घेऊन पदवीधर झालेल्या शिक्षकाकडे सातवीचे गणित येते. वनस्पतिशास्त्राच्या पदवीधर बाईंना भूगोलाचे नकाशे शिकवावे लागतात. कोठे संचमान्यतेत एक पद कमी होते, कोठे समायोजनात शिक्षक दुसऱ्या शाळेत जातो, कोठे बदलीने रिकामी झालेली जागा वर्षभर भरली जात नाही, आणि मुख्याध्यापक वेळापत्रक पुढे ठेवून म्हणतात, “हे तास आता आपणच सांभाळावेत.” त्या क्षणी मनात जी धाकधूक उत्पन्न होते तिच्याविषयी आपण आपसांत फारसे बोलत नाही. बोललो तर आपली योग्यता कमी लेखली जाईल असे वाटते. म्हणूनच हा विषय आज मुद्दाम बोलावयास घेतला आहे.

प्रथम ही परिस्थिती कितपत अपवादात्मक आहे ते पाहू. बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा या तीन गटांना किमान एकेक शिक्षक असावा असे सांगितले आहे. ही तरतूद योग्यच आहे. परंतु तिचा अर्थ बारकाईने पाहा. गट तीन आहेत. विषय त्याहून पुष्कळ अधिक. पहिल्या गटातील शिक्षकाने गणितही शिकवावयाचे आणि पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्रही. दुसऱ्या गटात इतिहास, नागरिकशास्त्र आणि भूगोल एकत्र आले. तिसऱ्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजी. म्हणजे तिन्ही पदे नियमाप्रमाणे भरलेली असली तरी प्रत्येक शिक्षकाला आपल्या पदवीबाहेरचे काही ना काही शिकवावेच लागते. पहिली ते पाचवीची गोष्ट तर बोलावयासच नको. तेथे एकच शिक्षक सर्व विषयांचा धनी असतो. तेव्हा पदवीबाहेरचा विषय शिकविणे ही प्राथमिक शिक्षकावर अवचित कोसळलेली आपत्ती नव्हे. तो आपल्या व्यवसायाचा नित्यधर्मच आहे.

यावरून पदवीला काही मोल नाही किंवा रिक्त पदे तशीच राहिली तरी चालेल असा अर्थ मात्र कोणी काढू नये. ज्याने एखाद्या विषयाचा तीन वर्षे अभ्यास केला त्याला त्या विषयाचा विस्तार ठाऊक असतो, कोणती गोष्ट मुख्य आणि कोणती गौण हे कळते. हा लाभ थोडा नव्हे. माझे म्हणणे इतकेच की, पदवीचे ज्ञान आणि शिकविण्याचे ज्ञान ही दोन निराळी ज्ञाने आहेत. आणि दुसरे ज्ञान पदवीधरालाही नव्याने मिळवावे लागते.

एक उदाहरण घेऊ. पावणेदोनला अर्ध्याने भागा. उत्तर काढण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे: पावणेदोन म्हणजे सात चतुर्थांश, भाजक उलटा करून गुणावयाचे, उत्तर साडेतीन. आता मुलांनी विचारले, “गुरुजी, भागाकार केला तर संख्या लहान व्हावयाची, ही मोठी कशी झाली? आणि उलटे करून का गुणावयाचे?” या प्रश्नाचे उत्तर पदवीच्या कोणत्याही पुस्तकात सापडत नाही, कारण पदवीच्या गणितात हा प्रश्न कोणी विचारीतच नाही. ते उत्तर शिक्षकाला स्वतः घडवावे लागते.

समजा, किटलीत पावणेदोन लिटर दूध आहे आणि आपल्याजवळ अर्ध्या लिटरचे माप आहे. किती मापे भरतील? एक लिटरात अशी दोन मापे बसतात. म्हणून पावणेदोन लिटरांत पावणेदोनच्या दुप्पट, म्हणजे साडेतीन मापे बसणार. भाजक उलटा करून गुणण्याचे रहस्य एवढेच. परंतु येथे एक खाचखळगा आहे. मुले प्रत्यक्ष दूध किंवा पाणी मोजतील तेव्हा तीन मापे पूर्ण भरतील आणि किटलीत पाव लिटर उरेल. पुष्कळ मुले म्हणतील, “तीन आणि पाव, म्हणजे सव्वातीन.” चूक कोठे झाली? उरलेले दूध पाव लिटर आहे हे खरे. पण आपण लिटर मोजत नसून मापे मोजत आहोत, आणि पाव लिटर म्हणजे अर्धे माप. ज्या शिक्षकाने हा प्रयोग आदल्या दिवशी घरी करून पाहिला असेल त्याला ही चूक येणार हे अगोदरच ठाऊक असते, आणि तो तिचे स्वागत करतो. अर्धे करणे आणि अर्ध्याने भागणे यांतील भेदही त्याला याच किटलीतून दाखविता येतो. सवायकी, दिडकी, अडीचकी यांचे पाढे म्हणणाऱ्या आपल्या भाषेत अपूर्णांकांना घरगुती नावे आहेत. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा हे शब्द मूल शाळेत येण्यापूर्वीच ऐकून असते. हे धन गणिताच्या पदवीधराइतकेच मराठीच्या पदवीधराजवळही आहे.

हेच उदाहरण मी घेतले त्याला कारण आहे. लिपिंग मा या विदुषींनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नेमका हाच भागाकार अमेरिकेतील २३ आणि चीनमधील ७२ प्राथमिक शिक्षकांपुढे ठेवल्याचे सांगितले आहे. त्यावर बेतलेला एखादा व्यावहारिक प्रसंगही त्यांनी शिक्षकांना रचावयास सांगितला होता. अमेरिकेतील शिक्षक महाविद्यालयाचे पदवीधर. चीनमधील बहुतेकांचे शिक्षण शाळेची सुमारे नऊ वर्षे आणि त्यानंतर अध्यापन विद्यालयाची दोनतीन वर्षे, एवढेच. तथापि चिनी शिक्षकांपैकी बहुतेकांना योग्य प्रसंग रचता आला; अमेरिकेतील शिक्षकांत तो एकालाच साधला. अनेकांनी अर्ध्याने भागण्याऐवजी दोनाने भागण्याचाच प्रसंग सांगितला. या चिनी शिक्षकांना ही समज कोठून आली? पाठ्यपुस्तकाचा बारकाईने अभ्यास, सहकाऱ्यांशी नित्य चर्चा आणि मुलांच्या उत्तरांकडे लक्ष, यांतून ती वर्षानुवर्षे वाढत गेली, असे लेखिकेने नमूद केले आहे. या तिन्ही गोष्टी आपल्या कोणत्याही शाळेत करता येण्याजोग्या आहेत.

आता आपल्या शेजारच्या प्रांताकडे वळू. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात, ज्याला आज नर्मदापुरम म्हणतात, १९७२ मध्ये १६ ग्रामीण शाळांत विज्ञान शिकविण्याचा एक नवा उपक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलिया येथील मित्र मंडळ केंद्र या दोन संस्थांनी त्याचा आरंभ केला. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सहावी ते आठवीच्या सर्व शासकीय शाळांत पोहोचला, आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य या संस्थेने तो पुढे चालविला. त्या शाळांतून विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांत असे पुष्कळ होते की ज्यांनी स्वतः महाविद्यालयात विज्ञान घेतलेले नव्हते. त्यांच्यासाठी प्रशिक्षणाची जी रीत योजिली ती आपण लक्षपूर्वक पाहावी.

उन्हाळ्याच्या सुटीत सुमारे तीन आठवड्यांचे शिबिर होई, आणि सहावी, सातवी व आठवी अशा तीन इयत्तांसाठी ते तीन वर्षे चाले. शिबिरात व्याख्याने थोडी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांप्रमाणे टोळ्या करून बसावयाचे, पुस्तकातील प्रत्येक प्रयोग स्वतः करावयाचा, निरीक्षणे लिहावयाची आणि त्यांवर वाद घालावयाचा. विद्यापीठांतून आणि संशोधनसंस्थांतून आलेले शास्त्रज्ञ त्यांच्या शेजारी बसत. शाळा सुरू झाल्यावर दरमहा शिक्षकांची बैठक भरे. वर्गात काय अडले, कोणता प्रयोग फसला, मुलांनी कोणते प्रश्न विचारले, याची तेथे चर्चा होई. परीक्षेत मुलांना पुस्तक उघडून पाहण्याची मुभा असे आणि प्रत्यक्ष प्रयोगही करावा लागे. त्यामुळे पाठांतराला आधार उरत नसे. २००२ मध्ये तेथील शासनाने हा उपक्रम शाळांतून बंद केला. परंतु तीस वर्षांत त्याने जी गोष्ट सिद्ध केली ती पुसली गेलेली नाही. विज्ञान न शिकलेला शिक्षक विज्ञान उत्तम शिकवू शकतो. मात्र त्यासाठी प्रशिक्षण दीर्घ हवे, हाताने करावयाचे हवे आणि वर्षभर पाठीशी उभे राहणारे हवे.

हाताने करून पाहण्यावर माझा एवढा भर का, हे एका प्रयोगावरून स्पष्ट होईल. ताटलीत थोडे पाणी घेऊन मध्यभागी जळती मेणबत्ती उभी करावयाची आणि तिच्यावर काचेचा पेला पालथा घालावयाचा. मेणबत्ती विझते आणि पेल्यात पाणी चढते. “हवेतील एक पंचमांश प्राणवायू जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली,” असे स्पष्टीकरण पुस्तकांतून व फळ्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. आता एका मेणबत्तीऐवजी दोन, मग तीन मेणबत्त्या लावून तोच पेला पालथा घालून पाहा. पाणी अधिक उंच चढते. पेला तोच, हवा तितकीच, प्राणवायूही तितकाच. मग पाणी अधिक का? शिवाय पाण्याची मोठी चढण ज्योत विझू लागल्यावर दिसते, जळत असताना नव्हे. खरे कारण असे की, ज्योतीच्या उष्णतेने पेल्यातील हवा प्रसरण पावते, काही हवा बाहेर निसटते, आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते. ज्योत विझते तेव्हा पेल्यात काही प्राणवायू शिल्लकही असतो. हा शोध घेण्यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही. तीन मेणबत्त्या, एक पेला आणि ऐकीव उत्तरावर न थांबण्याची वृत्ती पुरेशी होते. किंबहुना ज्याला ते उत्तर पूर्वीपासून पाठ आहे त्याच्यापेक्षा नव्याने शिकणारा शिक्षक अधिक सावध असण्याचा संभव आहे.

हीच गोष्ट विज्ञानाच्या पदवीधराने भूगोल हाती घेताना ध्यानी ठेवावी. उत्तर दिशा वर असते अशी भिंतीवरच्या नकाशामुळे मुलांची समजूत होते. नकाशा खाली उतरवून अंगणात जमिनीवर पसरावा, काठीच्या सर्वांत आखूड सावलीवरून उत्तर-दक्षिण रेषा आखावी आणि नकाशा तिच्याशी जुळवावा. एका तासात समजूत पालटते. दुपारी बाराला सूर्य नेहमी डोक्यावर येतो हेही असेच एक ऐकीव वाक्य. आपले राज्य कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने येथे सूर्य वर्षातून दोनदाच अगदी माथ्यावर येतो: एकदा मे महिन्यात आणि पुन्हा जुलैत किंवा ऑगस्टच्या आरंभी. या दोन दिवसांच्या दरम्यान माध्यान्हीची सावली उत्तरेऐवजी दक्षिणेस पडते. दुसऱ्या वेळी शाळा भरलेली असते, पण आभाळही भरलेले असते. म्हणून मे महिन्यातील दिवस मुलांना सुटीपूर्वीच सांगून ठेवावा आणि घरच्या अंगणात काठी रोवावयास लावावी.

आता, उद्यापासून आपण काय करावे, याविषयी काही सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली गोष्ट, नव्या विषयाची पाठ्यपुस्तके विद्यार्थी होऊन वाचावीत. ज्या इयत्तेस शिकवावयाचे तिच्या मागील दोन आणि पुढील एक इयत्तेचीही पुस्तके घ्यावीत. प्रत्येक उदाहरण मार्गदर्शिका न पाहता वहीत सोडवावे, आणि लेखणी जेथे अडली तेथे खूण करावी. आपण जेथे अडलो तेथेच वर्गातील मुले अडण्याचा संभव असतो. या खुणा म्हणजे आपल्या पाठटाचणाचा खरा पाया होय.

दुसरी गोष्ट, मुलांच्या चुकांची एक वही ठेवावी. ०.१२ ही संख्या ०.५ पेक्षा मोठी आहे असे मूल सांगते, कारण बारा पाचाहून मोठे. ही चूक आळसाची नव्हे. पूर्णांकांत खरा ठरलेला नियम त्याने दशांशांत नेला. अशी चूक कळली की उपाय सुचतो: दोन्ही संख्या शतांशांत लिहून घ्याव्यात, बारा शतांश आणि पन्नास शतांश, मूल स्वतःच हसून उत्तर बदलते. दोन वर्षांत अशी वही भरली म्हणजे तिच्याइतके उपयुक्त पुस्तक आपणांस बाजारात मिळणार नाही.

तिसरी गोष्ट, एक जोडीदार शोधावा. आपल्या केंद्रातील कोणत्या तरी शाळेत त्या विषयाचा जाणकार शिक्षक असतोच. त्याला आपल्या विषयात आपली गरज असते. केंद्राच्या शिक्षण परिषदेला जाताना प्रत्येकाने एक अडलेला प्रश्न आणि एक साधलेला पाठ बरोबर न्यावा. परिपत्रके वाचून दाखविण्यात ज्या बैठकीचा सारा वेळ जातो तिच्यातून कोणाचे अध्यापन सुधारत नाही.

चौथी गोष्ट, उत्तर ठाऊक नसेल तेव्हा “हे मलाही पाहावे लागेल, उद्या आपण मिळून पाहू,” असे वर्गाला सांगावे. याने शिक्षकाचा मान कमी होत नाही. मान कमी होतो तो ठोकून दिलेले उत्तर पुढे खोटे ठरल्यावर. मात्र उद्या म्हटले की उद्याच ते पाहिले पाहिजे. मुले असे वचन विसरत नाहीत.

या वर्गाला शिक्षण विभागाचे अधिकारीही उपस्थित आहेत. त्यांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. शिक्षकाकडे नवा विषय सोपवावयाचा तर तो शक्यतो जूनमध्ये न कळविता उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी कळवावा, म्हणजे तयारीला अवधी मिळेल. एकदा सोपविलेला विषय वर्षभराने पुन्हा बदलू नये. पहिल्या वर्षी शिक्षक विषय शिकतो, दुसऱ्या वर्षी तो शिकवू लागतो. दोन-तीन दिवसांच्या व्याख्यानांनी विषय बदलत नाही. प्रशिक्षणात शिक्षकांच्या हाती साहित्य द्यावे आणि नंतरच्या महिन्यांत त्यांच्या वर्गात जाऊन बसावे, तपासणीसाठी नव्हे, साह्यासाठी. आणि शिक्षकाने निष्ठेने दुसरा विषय सांभाळला ही गोष्ट रिक्त पद न भरण्याचे निमित्त होऊ नये. त्याच्या कष्टांचे मोल असे फेडणे न्यायाचे होणार नाही.

हे सारे कशासाठी? शहरातील मुलाला शाळेत एखादी गोष्ट कळली नाही तर घरी शिकलेले पालक असतात, शिकवणीचे वर्ग असतात. आपल्या वाडीवस्तीवरच्या मुलाला तसा दुसरा आधार बहुधा नसतो. त्याच्यासाठी गणित म्हणजे आपण, विज्ञान म्हणजेही आपणच. सहावीत ज्या मुलीच्या मनात अपूर्णांकांची भीती बसली तिला दहावीपर्यंत गणित सोडताही येत नाही आणि धरताही येत नाही. मग पुढील शिक्षणाच्या कितीतरी वाटा तिच्यासाठी आपोआप बंद होतात. आपल्या पदवीपत्रावर कोणता विषय लिहिला आहे हे तिला ठाऊक नसते आणि त्याच्याशी तिला कर्तव्यही नसते. फळ्यापुढे उभ्या असलेल्या माणसाला ही गोष्ट समजली आहे की नाही, हे मात्र तिला पहिल्या दहा मिनिटांत कळते.

ज्याने एखादा विषय नुकताच कष्टाने शिकला त्याला वाटेतले दगडधोंडे आठवणीत असतात. त्याच्याजवळचे हे भांडवल लहान समजू नका. या उजळणी वर्गातून परत जाताना प्रत्येकाने आपल्याकडे आलेल्या नव्या विषयातील एकच प्रकरण निवडावे, ते मुळापासून स्वतः करून पाहावे आणि पुढील महिन्याच्या शिक्षण परिषदेत सहकाऱ्यांपुढे मांडावे, एवढी विनंती करतो.